काजळाच्या सहा रेघा

समजा, तुमच्या हातात ट्रॉम्बोन दिला आहे. डाव्या हाताने वाद्याचं सगळं वजन पेलायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांत आणि अंगठ्यात स्लाइड धरायची. क्लॅरिनेटवाल्याला भोकं असतात, कॉर्नेटवाल्याला तीन कळा असतात. तुम्हाला काहीच नाही. एक लांब पितळी नळी आहे, ती दुसऱ्या नळीवरून पुढे-मागे सरकते, बस्स. नळी पूर्ण आत, ही पहिली जागा. फुंका. आता ओठ तसेच ठेवा आणि स्लाइड साधारण आठ सेंटिमीटर पुढे न्या. सूर अर्ध्या पायरीने उतरला, ही दुसरी. तिसरी तेवढ्याच अंतरावर असेल असं तुम्हाला वाटेल, पण ती जरा जास्त लांब असते. चौथी तिच्याहून जरा लांब. सातव्या जागेपर्यंत जाता जाता हात खांद्यातून उखडेल असं वाटतं. नळीवर कुठेही खूण नाही. बोटभर मागे थांबलात तर सूर चढला, बोटभर पुढे गेलात तर पडला. आता डोळे मिटा आणि तिसऱ्या जागेवरून एका झटक्यात सहावीवर जाऊन थांबा.

चुकलात ना? श्रीपती सोनकांबळेला हे जमायला अकरा महिने लागले होते.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन वर्ष झालं होतं तेव्हा श्रीपती कंधार तालुक्यातल्या आपल्या गावाहून हैदराबादेत आला. वय वीस. शहरातल्या एका सरकारी बँडमध्ये भरती चालू होती. बँडमास्तरांनी विचारलं, "काय वाजवता येतं?" तो म्हणाला, "हलगी." रांगेतले हसले. ढोलाच्या जागा भरलेल्या होत्या. बँडमास्तरांनी त्याला दोन्ही हात पसरायला लावले, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ह्याचे हात लांब आहेत. सातवीपर्यंत पोचेल. हणमंतरावकडे द्या."

हणमंतराव बँडचे पहिले ट्रॉम्बोनवाले. तीन पिढ्यांपूर्वी घराणं बिदरकडची शेती सोडून हैदराबादच्या गौलीगुड्यात आलेलं. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, आणि तिन्ही भाषांत एकच आवाज, परेडच्या मैदानावरचा. त्यांनी श्रीपतीला कोठीतलं एक जुनं वाद्य काढून दिलं. त्याचा माउथपीस सापडेना. दोन-तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रीपती कोणाचा, कुठल्या वस्तीतला, हे भरतीच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या उस्ताद, उद्या नवा काढू."

हणमंतरावांनी स्वतःच्या ट्रॉम्बोनचा माउथपीस उपसला, अजून ओला होता तो, आणि श्रीपतीच्या हातावर ठेवला. "घे, फुंक."

श्रीपती तसाच उभा.

"अबे फुंक ना! न्याहाळतोस काय, लाडू आहे का तो?"

त्याने फुंकलं. म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज निघाला. हणमंतरावांनी माउथपीस परत घेतला, न पुसता आपल्या वाद्याला लावला आणि तोच सूर वाजवून दाखवला. श्रीपतीच्या घरातल्या कोणाचं उष्टं वरच्या जातीच्या माणसाने तोंडाला लावलेलं बापजाद्यांपासून कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसानंतर हणमंतरावांनी मुसी नदीत उडी मार म्हटलं असतं तर त्याने फक्त कुठल्या पुलावरून, एवढंच विचारलं असतं.

शिकणं सोपं नव्हतं. पहिल्याच महिन्यात श्रीपतीने एक युक्ती केली. आतल्या नळीवर खडूचे बारीक ठिपके केले, दुसरीला एक, तिसरीला एक, असे सहा. स्लाइड पुढे नेली की ठिपका उघडा पडे आणि हात थांबे. चार दिवस उस्ताद खूश. पाचव्या दिवशी त्यांनी खाली वाकून पाहिलं. शर्टाच्या बाहीने सगळे ठिपके पुसले आणि श्रीपतीच्या बोटांवर छडीचा एक सणसणीत फटका दिला.

"खुणा करतोस? आज सकाळी वाद्य थंड आहे. दुपारी उन्हात तापलं, सूर चढला, मग तुझा खडू चढणार आहे का त्याच्याबरोबर? तिसरी कुठं? भोंग्याच्या कडेच्या जरा अलीकडं. चौथी जरा पलीकडं. एवढंच डोळ्यांनी बघायचं. बाकीच्या कुठं?"

"कानात, उस्ताद."

"हौ. हल्लू जा. कान लावून जा."

मग श्रीपती कान लावून जाऊ लागला. जामबागेत त्याने एक खोली घेतली होती. तिथे वाद्य वाजवायची सोय नव्हती, म्हणून तो हातात लाटणं धरून भिंतीला लागून उभा राहायचा आणि तोंडाने सूर गुणगुणत हात पुढे-मागे न्यायचा. लग्न होऊन आलेल्या केसरबाईला पहिल्या आठवड्यात वाटलं, नवऱ्याला झटके येतात. तिने शेजारणीला विचारून एक ताईतही आणून ठेवला होता.

सूर मिळवायची पद्धतही उस्तादांनीच शिकवली. ट्रॉम्बोनच्या मागच्या वळणावर, खांद्यामागे, आणखी एक छोटी सरकणारी नळी असते. सगळ्या बँडचा सूर एक करताना ती थोडी आत किंवा बाहेर करतात. हणमंतरावांच्या वाद्याची ती नळी कित्येक वर्षांत हललीच नव्हती. बँडची सगळी वाद्यं एकाच काळी विलायतेहून आलेली, एकाच सुराची. त्यांच्यात ती बसून गेली होती आणि हिरवा गंज चढून जणू डाख देऊन झाळली गेली होती. थोडंफार इकडंतिकडं उस्ताद हाताने सावरून घ्यायचे. "मागची नळी बायकोसारखी," ते म्हणायचे, "एकदा जमली की तिला छेडायचं नाही." हे त्यांच्या पत्नीच्या, सुशीलाबाईंच्या, कानावर गेलं तेव्हा दोन दिवस त्यांच्या डब्यात नुसती भाकरी आणि मिरची आली.

परेडमध्ये ट्रॉम्बोनवाले सगळ्यात पुढच्या रांगेत चालतात, कारण स्लाइड लांबवायला समोर मोकळी जागा लागते. १९५१ पासून उस्ताद आणि श्रीपती पुढच्या रांगेत शेजारी शेजारी चालू लागले. उस्ताद उजवीकडे, श्रीपती डावीकडे. दोन स्लाइडी एकाच वेळी पुढे जात, एकाच वेळी मागे येत. मागच्या रांगेतला क्लॅरिनेटवाला एकनाथराव त्यांना सुतार म्हणायचा. "काय सुतारहो, किती फळ्या रंधल्या आज?"

१९५४ च्या थंडीत एका सकाळी तालमीत सलामीची संथ धून चालू होती. श्रीपतीचं लक्ष कुठेतरी गेलं आणि तिसऱ्या जागेऐवजी त्याची स्लाइड चौथीवर गेली. त्याच क्षणी उजवीकडची स्लाइडही चौथीवर गेली.

बँडमास्तरांनी काठी खाली ठेवली. "ट्रॉम्बोन! दोघं मिळून?"

हणमंतराव एक पाऊल पुढे आले. "गलती माझी, साहेब. ह्याला मीच तसं सांगितलं."

श्रीपतीला काही कळेना. उस्तादांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पाच वर्षांत त्यांची एक जागा चुकलेली त्याने पाहिली नव्हती, आणि चुकावी तीही नेमकी त्याच्यासारखी, त्याच्याच वेळी? दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम, एका लांब सुरावर, स्लाइड दोन बोटं जास्त पुढे नेली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. उजवीकडची स्लाइड हल्लू दोन बोटं पुढे आली आणि थांबली. उस्तादांची नजर समोर बँडमास्तरांवर नव्हती. ती खाली, डावीकडे, श्रीपतीच्या हातावर होती.

तेवीस वर्षं झांजेच्या पुढे चालून हणमंतरावांचे कान गेले होते. आवाज यायचा, पण सूर कळत नव्हता. हात सवयीने जायचा, पण कान नसला की सवयही दर महिन्याला दोराभर सरकते. सगळ्या बँडमध्ये एकच वाद्य असं की ज्याचा सूर डोळ्यांनी दिसतो, आणि ते वाद्य त्यांच्या शेजारी, त्यांनीच शिकवलेल्या हातात होतं. ते शिष्याच्या हातावरून आपला सूर उचलत होते.

श्रीपती त्या दिवशी जामबागेपर्यंत चालत घरी गेला. केसरबाईने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. पाय दुखतोय." मुद्दाम चूक करून आपण त्यांना तपासलं, याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

त्यानंतरची दोन वर्षं त्याने एक जागा चुकू दिली नाही. आपण चुकलो तर दोघं चुकणार, हे त्याला माहीत होतं. बँडमध्ये कानाची तपासणी लागली तर उस्तादांना पुढच्या रांगेतून काढतील, हेही माहीत होतं. नोकरी संपायला त्यांची फार वर्षं राहिली नव्हती, तेवढी निभावली की झालं. म्हणून तो स्लाइड जरा ठळक हलवू लागला, सूर संपायच्या क्षणभर आधी, म्हणजे शेजारच्याला पाहायला वेळ मिळावा. एकनाथराव म्हणायचा, "सुतार, तू आजकाल नाचल्यासारखा काय वाजवतोस रे?"

हे दोघांमध्ये कधीही बोललं गेलं नाही. श्रीपतीला माहीत आहे हे उस्तादांना माहीत होतं की नाही, हेसुद्धा श्रीपतीला माहीत नव्हतं.

मग छप्पन्न साल आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, हे वर्षभर ऐकू येत होतं. मराठवाडा मुंबई राज्याला, तेलंगण आंध्राला, कानडी मुलूख म्हैसूरला. सरकारी नोकरांच्या वाटण्या त्याच हिशेबाने. दसऱ्याच्या सुमाराला बँडमध्ये छापील फॉर्म आले. जिल्हा, मातृभाषा, आणि खाली पसंतीचा एक रकाना. श्रीपतीचा जिल्हा नांदेड, म्हणजे तो मुंबईकडे जाणार हे जवळपास ठरलेलं. पण पसंतीच्या रकान्यात हैदराबाद लिहून कारण दिलं, तर विचार होईल असं हेडक्लार्क म्हणाला होता. गावाकडे त्याची आई कोंडाबाई एकटी होती, केसरबाईचं माहेरही तिकडेच. त्याच महिन्यात गावाकडून निरोप आला होता की वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायचं ठरवलं आहे, तुम्ही या. केसरबाई म्हणाली, "तुमचं मन कुठं आहे ते लिहा. मला दोन्हीकडं चूल मांडता येते."

श्रीपती फॉर्म घेऊन गौलीगुड्याला गेला. मनाशी त्याने एक ठरवलं होतं. उस्तादांनी एकदा, नुसतं एकदा 'राहा' म्हटलं, तर हैदराबाद लिहायचं.

सुशीलाबाईंनी दार उघडलं. "ये रे. बस. हाक मारून कळत नाही हल्ली त्यांना, मी सांगते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पहिल्या वर्षी तो त्यांना बाईसाहेब म्हणायचा आणि ओट्यावर बसायचा. आता काकू म्हणायचा आणि खुर्चीवर बसायचा.

हणमंतराव समोर येऊन बसले. "काय लिवलंस?"

"अजून काही नाही, उस्ताद."

ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आता ते सगळ्यांशीच बोलताना तोंडाकडे पाहायचे. श्रीपतीच्या हातात फॉर्म होता, तो गुडघ्यावर ठेवून, मान खाली घालून, रिकाम्या रकान्याकडे पाहत त्याने विचारलं, "उस्ताद, मी थांबू का?"

आतल्या खोलीत पितळी भांड्याचा आवाज थांबला. बाहेर टांगा गेला.

"चहा घे," हणमंतराव म्हणाले.

श्रीपतीने मान वर केली. उस्तादांचा चेहरा रिकामा होता. त्यांनी ऐकलंच नव्हतं. वर पाहून, ओठ नीट हलवून पुन्हा विचारता आलं असतं. पण पुन्हा विचारायचं म्हणजे पहिल्यांदा ऐकू आलं नाही हे दोघांनी मान्य करायचं. तोंडाशी आलेले शब्द त्याने चहाबरोबर गिळले.

"मुंबई लिही," हणमंतराव म्हणाले. "आई तिकडं. तिकडच्या बँडात तू पहिला होशील. इथं माझ्या बगलेत किती दिवस राहणार? मी काही मरत नाही."

"तुमच्या शेजारी कोण येईल?"

"येईल कोणी तरी. मी शिकवीन त्याला." ते हसले. "तुला शिकवलं, तू तर हलगीवाला होतास."

श्रीपतीने त्यांच्याच टाकाने मुंबई लिहिलं.

जायच्या आधीच्या शनिवारी दुपारी कोठीत तो एकटा होता. दर शनिवारी दोन्ही ट्रॉम्बोनच्या स्लाइडी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायचं काम त्याचंच असे. त्याने उस्तादांचं वाद्य वाजवायला घेतलं. पहिल्यांदाच. माउथपीस मात्र स्वतःचा लावला. दुसरी जागा कानाने नेमकी पकडली, तिथे बाहेरची नळी जिथे संपते तिथे आतल्या नळीवर दाभणाच्या टोकाने केसाएवढी रेघ मारली. मग तिसरी. मग चौथी. प्रत्येक जागा चार-चार वेळा वाजवून पाहिली. सहा रेघा झाल्यावर केसरबाईच्या डबीतलं काजळ त्याने रेघांत भरलं आणि वरचं पुसून काढलं. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, स्लाइड अडत नव्हती. पण पाहणाऱ्याला रेघ दिसत होती. आता शेजारी कोणी का असेना, उस्तादांना फक्त आपल्याच वाद्यावर खाली पाहावं लागणार होतं.

सोमवारी सकाळी हणमंतरावांनी स्लाइड ओढली. पहिली काळी रेघ उघडी पडली. त्यांचा हात थांबला. त्यांनी हळूच आणखी ओढली, आणखी एक रेघ, आणखी एक. श्रीपतीची बोटं आपोआप आखडली, सात वर्षांपूर्वीचा फटका आठवून.

"साफ केलीस?" हणमंतरावांनी विचारलं.

"हौ, उस्ताद."

ते बराच वेळ नळीकडे पाहत राहिले. "चांगली केलीस," म्हणाले आणि तालमीला उभे राहिले.

त्याच आठवड्यात श्रीपती आणि केसरबाई काचीगुड्याहून गाडीत बसले. पोचवायला एकनाथराव आला होता. उस्ताद आले नाहीत. तालीम होती म्हणे.

श्रीपतीला पुण्याच्या बाजूच्या एका बँडमध्ये नेमलं. पहिल्या तालमीला त्याने हैदराबादहून सोबत मिळालेल्या आपल्या वाद्यावर पहिला सूर लावला आणि सगळा बँड त्याच्याकडे वळून पाहू लागला. तो पाव पायरी चढा होता. त्याने दुसरी जागा घेतली, तीही चढी. बँडमास्तरांनी त्याचं वाद्य उलटंपालटं करून पाहिलं आणि समजावलं. पूर्वी विलायतेत बँडची वाद्यं चढ्या सुराची बनायची. ती पद्धत कधीच मोडली. हैदराबादच्या कोठीतली सगळी वाद्यं त्या जुन्या काळातली, म्हणून तिथे कोणाला कधी कळलंच नाही. "काही बिघडत नाही," ते म्हणाले. "मागची नळी ओढ. नाही आली तर प्रत्येक जागा दोन-अडीच बोटं पुढं धर. कान तुला सांगेलच."

कानाने सांगितलं. अर्ध्या तासात श्रीपती सुरात आला. आणि वाद्य खाली ठेवता ठेवता त्याला उस्तादांची स्लाइड आठवली. आंध्राकडची माणसं हैदराबादच्या बँडमध्ये येणार होती, त्यांच्या वाद्यांसकट. त्यांचा सूर उतरा असला तर हैदराबादवाल्यांना उतरावं लागणार. ज्याला कान आहे तो अर्ध्या तासात उतरेल. ज्याची मागची नळी झाळलेली आहे आणि ज्याला कोणीतरी काजळाच्या सहा रेघा मारून दिल्या आहेत, तो काय करेल?

त्याच संध्याकाळी त्याने कार्ड लिहायला घेतलं. "उस्ताद, इथला सूर उतरा आहे. तिकडं बदलला तर खुणांवर" एवढं लिहून तो थांबला. खुणा हा शब्द त्यांच्यात कधी उच्चारला गेला नव्हता. हे कार्ड सुशीलाबाई वाचणार, कदाचित शेजारचा पोरगा वाचून दाखवणार. तुम्हाला ऐकू येत नाही हे न लिहिता ते कसं लिहायचं? त्याने कार्ड फाडलं. आठवड्याने दुसरं घेतलं, तेही फाडलं. चार कार्डं फाटली. दिवाळी कधीच होऊन गेली होती, डिसेंबर गेला. कदाचित तिकडची वाद्यंही जुनीच असतील, असं तो स्वतःला सांगत राहिला. केसरबाई एकदा म्हणाली, "तुम्हाला लिहायला जमत नसेल तर जाऊन या ना." नवी नोकरी, रजा नाही, असं तो म्हणाला. ते खरंही होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर एकनाथरावाचं कार्ड आलं.

"सुतारास रामराम. नवी माणसं संक्रांतीनंतर वाद्यं घेऊन आली. सगळा सूर बदलला. माझं क्लॅरिनेट तर गेलंच, नवीन दिलं. दोन तालमी झाल्या, त्यात सगळेच बेसूर, कोण कोणाला हसणार? पण सव्वीस तारखेच्या परेडला बाकीचे सांभाळून घेतले आणि तुझे उस्ताद पुढच्या रांगेत एकटेच चढे वाजले. सलामीची धून, तीही संथ. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, एक त्यांनाच नाही. नवे साहेब दुसऱ्या दिवशी त्यांना कान तपासायला पाठवले. आता ते कोठीत वाद्यं पुसतात. कोणाशी बोलत नाहीत. तू असतास तर बरं झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण तू असतास तर बरं झालं असतं."

ते कार्ड श्रीपतीने केसरबाईला वाचून दाखवलं नाही. ट्रंकेत, कपड्यांच्या खाली ठेवलं.

हैदराबादला जायचं त्याने पाच वर्षं टाळलं. हणमंतराव कोठीतूनच निवृत्त झाले आणि एकोणसाठ साली वारले, तेही त्याला दोन महिन्यांनी कळलं. बासष्ट साली अखेर तो गौलीगुड्याला गेला. सुशीलाबाईंनी दार उघडलं, त्याला ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

"किती उशीर केलास रे."

त्यांनी चहा ठेवला आणि आतून एक लांब पिशवी आणली. जुन्या सुराची वाद्यं सरकारने निकामी ठरवली तेव्हा हणमंतरावांनी आपलं मागून घेतलं होतं. "तुझ्यासाठी ठेवलंय. घेऊन जा म्हणून सांगितलं होतं त्यांनी."

श्रीपतीने ट्रॉम्बोन बाहेर काढला. मागची नळी तशीच झाळलेली. त्याने स्लाइड ओढली. दुसऱ्या जागेवर रेघ नव्हती. तिसरीवर नव्हती. तो खिडकीशी गेला, नळी उजेडात तिरकी धरली. सहा ठिकाणी, अंगठ्याएवढ्या जागेत, वरचा पांढरा मुलामा घासून घासून उडाला होता आणि खालचं पिवळं पितळ दिसत होतं. कोणीतरी बारीक पॉलिश कागदाने, खूप वेळ बसून, एकेक रेघ काढली होती.

"काकू, हे कधी घासलं त्यांनी?"

"ते होय? बसले होते बाई एक दिवस, वाद्य घरी आणून. सकाळची कामं झाली होती. मी म्हटलं, सरकारी वाद्य आहे, कशाला एवढं घासता? तर म्हणाले, डाग पडलेत."

"पण कधी? परेडच्या आधी?"

सुशीलाबाई विचार करू लागल्या. "थांब हं. मी तीळ निवडत होते समोर. हळदीकुंकवाचे. हौ, तीळच होते."

श्रीपतीने मनातल्या मनात हिशेब केला. संक्रांत चौदा जानेवारीला. परेड सव्वीसला. पण हळदीकुंकू तर रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीत गेली होती. ते तीन आठवडे घराघरांत तीळ असतात.

"काकू, हळदीकुंकू झालं होतं की व्हायचं होतं? आठवा ना. परेडहून ते घरी आले ते आठवतं? त्याच्या आधी की नंतर?"

"आता नाही आठवत रे, राजा." त्यांनी पदराने डोळे पुसले. "एक आठवतं. तू फॉर्म घेऊन आला होतास ना, तेव्हा तू विचारलंस, थांबू का म्हणून. त्यांना नाही ऐकू गेलं. मला गेलं होतं. मी भांडं हातात घेऊन उभी होते. वाटलं, पोराची आई वाट बघत असेल. नाही सांगितलं त्यांना. नंतरसुद्धा नाही सांगितलं."

चहा गार झाला. सुशीलाबाई उठून पुन्हा तापवायला गेल्या.

श्रीपती सोनकांबळे आता हैदराबादेतच, तारनाक्याला राहतात. मुलगी भामा रेल्वेत आहे, तिच्या क्वार्टरमध्ये. केसरबाई गेल्या, गौलीगुड्याचं ते घरही राहिलं नाही. ट्रॉम्बोन त्यांच्या खाटेखाली असतो. आता दम पुरत नाही, पण महिन्यातून एकदा ते तो काढतात, स्लाइड धुतात, तेल लावतात, आणि खिडकीशी नेऊन ती सहा पिवळी ठिकाणं पाहतात.

कधी त्यांना वाटतं, नवी वाद्यं आली त्याच आठवड्यात रेघा आता खोट्या पडल्या हे उस्तादांना कळलं असेल. खडूचे ठिपके बाहीने पुसले तशा त्यांनी ह्या रेघाही पुसल्या असतील आणि परेडला ते स्वतःच्या कानावर, जो नव्हता त्या कानावर, गेले असतील. तसं असेल तर ते हरले ते स्वतःच्या हाताने. पण तसं नसेल, त्या सकाळी सलामीच्या धुनीत ते मान खाली घालून एकेका काजळी रेघेवर हात नेमका थांबवत असतील, शिष्याने मारलेली आहे म्हणजे चुकणार नाही या भरवशावर, आणि रेघा घासल्या त्या नंतर, कान तपासून आल्यावर, कोठीत कोणाला दिसू नयेत म्हणून, तर त्यांना हरवलं ते शिष्याच्या हाताने.

त्या रेघा उस्तादांनी कधी पुसल्या, परेडच्या आधी की नंतर?